माडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढवतं कोण?

एप्रिल लागला की आमच्याकडे दर वर्षी एकच नाटक. वेंगुर्ल्याच्या पुढे किनाऱ्यालगत आमची बाग आहे, बाग कसली, पन्नासेक माड, थोड्या पोफळी, चार हापूसची कलमं, कडेला अळू-केळी, आणि या सगळ्यांना मिळून एक विहीर. पावसाळ्यात वाकून तांब्या भरावा इतकं पाणी वर येतं आणि एप्रिलात तेच पार तळाला जातं. पंप वर कट्ट्यावर बसवलेला, त्यामुळे पाणी एका लेव्हलच्या खाली गेलं की मोटर नुसती घुंघुं करते, पाइप थरथरतो, आणि पाणी म्हणाल तर थेंब नाही. यंदा पण तेच. दुरुस्तीवाला आला, फुटव्हॉल्व बघितला, प्रायमिंग केलं, दोन-तीनदा चालू-बंद करून बघितलं आणि म्हणाला मोटरला काय झालेलं नाही, पाणी लांब गेलंय, पंप खाली उतरवा. काका आधीच वैतागलेले, त्यांनी समोरच्या माडाकडे बोट दाखवलं आणि मला विचारलं, "मगे ह्या माडाक खयचो पंप लावलेलो आसा, सांग बघू?"

बीएस्सीला बॉटनी होतं माझं. 'बाष्पोच्छ्वास' (पानांतून पाण्याची वाफ बाहेर जाणं) यावर टीप लिहून मार्कही घेतले होते. पण त्या दिवशी कट्ट्यावर बसून सांगायला गेलो तर दुसऱ्याच वाक्याला अडकलो, म्हणून मग घरी येऊन नीट वाचलं आणि आता जमतंय का बघतो.

आधी पंपाचं. आपण म्हणतो पंप पाणी ओढतो, पण पंप फक्त पाइपातली हवा कमी करतो, पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा. आणि त्या हवेची ताकद ठरलेली आहे. तिला पाण्याचा साधारण १० मीटरचा, म्हणजे ३४ फुटांचा खांब पेलतो, त्याच्यावर एक फूटसुद्धा नाही, पंप कितीही एचपीचा घ्या. हे १६४०च्या दशकात इटलीत टॉरिचेलीनं पाऱ्याच्या नळीवर दाखवून दिलंय. प्रत्यक्षात पाइपातलं घर्षण, जॉइंटमधली गळती धरून आपला पंप २५ फुटांच्या आसपासच हात टेकतो. आता आमचा जुना माड घ्या, साठ-सत्तर फूट तर सहज असेल. म्हणजे खालून हवेनं ढकलून पाणी झापांपर्यंत पोचणं शक्यच नाही, हिशेबातच बसत नाही.

मग मुळं ढकलत असतील? ढकलतात, खरंच ढकलतात, आणि ते बघायचं असेल तर पावसाळ्यात पहाटे अळवाकडे जा. प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक टपोरा थेंब लटकलेला असतो, पडतो आणि थोड्या वेळानं तिथेच दुसरा तयार होतो. लोक त्याला दव म्हणतात पण दव असतं तर पानभर पसरलं असतं, हा फक्त टोकालाच का? कारण ते पाणी आतून आलेलं असतं. रात्री पानातून वाफ फारशी जात नाही, इकडे मुळं मातीतले क्षार आत घेत राहतात, क्षारांच्या मागे पाणी येतं, आत दाब तयार होतो आणि पानाच्या टोकाला असलेल्या बारीक भोकांतून थेंब बाहेर पडतो. याला मूलदाब म्हणतात. पण हा दाब फार तर एक-दोन वातावरणाइतका (एक वातावरण म्हणजे आपल्यावर दाबून बसलेल्या बाहेरच्या हवेचा दाब), म्हणजे गाडीच्या टायरमध्ये भरतो तेवढा, आणि मुख्य म्हणजे दिवसा ऊन चढलं की, ऐन गरजेच्या वेळी, तो जवळपास नाहीसाच होतो. अळवाला ठीक आहे. माडाचं यावर भागत नाही.

शाळेत केशाकर्षण शिकवतात, बारीक नळीत पाणी आपोआप चढतं ते. तेही खरं आहे, फक्त केसाएवढ्या रुंदीच्या नळीत ते किती चढतं तर जेमतेम दीड फूट. झाडातल्या जलवाहिन्या साधारण त्याच मापाच्या असतात, काही थोड्या बारीक, काही मोठ्या. दीड फुटावर माड कसा उभा राहणार?

आता इथे एक किस्सा सांगण्यासारखा आहे. जगदीशचंद्र बोस यांचं म्हणणं होतं की खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या धडधडून पाणी वर चढवतात, १९२३ साली त्यांनी यावर आख्खं पुस्तक लिहिलं. ऐकायला काय सुंदर वाटतं ना? पण त्याच्या तीसेक वर्षं आधीच जर्मनीत स्ट्रासबुर्गर नावाच्या शास्त्रज्ञानं २० मीटरपेक्षा उंच ओकचं झाड बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभं केलं होतं. वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या तरी ते द्रावण चढत चढत वर गेलंच. म्हणजे चढवणारं जे काय आहे ते जिवंत नाही, खोड नुसतं नळ्यांचा भारा आहे आणि त्या नळ्याही मेलेल्या पेशींच्या. बोस मोठे माणूस, रेडिओ लहरींवरचं त्यांचं काम बघून आजही थक्क व्हायला होतं, पण या बाबतीत ते चुकले असं म्हणायला हरकत नाही.

तर मग कोण? ऊन.

पानाच्या आत पेशी एकमेकींना अगदी खेटून नसतात, मध्ये पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांच्या भिंती कायम ओल्या. पानाच्या खालच्या अंगाला बारीक बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं, एका चौरस मिलिमीटरमध्ये शे-दोनशे सहज. त्यातून आतल्या ओलीची वाफ बाहेर जाते. वाफ गेली की भिंतीच्या धाग्यांमधल्या सूक्ष्म फटीत पाणी थोडं आत खचतं, आणि ती फट इतकी बारीक असते (एका मिलिमीटरचे एक लाख भाग करा, त्यातला एक भाग, साधारण तेवढी) की तिथे पाण्याचा पृष्ठभाग ताणला जातो पण तुटत नाही. खोडाच्या नळीत केशाकर्षण दीड फुटावर थकतं, पण एवढ्या बारीक फटीत तेच केशाकर्षण किलोमीटरभर उंचीचा पाण्याचा खांब पेलू शकतं. म्हणजे शाळेतलं उत्तर चूक नव्हतं, जागा चुकली होती, खोडात शोधत होतो आणि ते होतं पानात.

आणि खेचलेलं पाणी तुटत का नाही, तर पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. जुन्या आगरातला रहाट ज्यांनी बघितलाय त्यांना हे पटकन कळेल. रहाटाच्या माळेला लोटे बांधलेले असतात, वरचा लोटा रिकामा होऊन पुढे सरकला की त्याच्या मागचा वर येतो, त्याच्या मागे त्याच्या मागचा, आणि तळाशी कुणीही ढकलत नसतं, सगळी ओढ वरून. झाडात माळ आहे पाण्याचीच आणि चाक फिरवतंय ऊन. डब्लिनमध्ये डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ साली हे पहिल्यांदा नीट मांडलं तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता, पाण्याला दोरीसारखं ताणता येतं हे ऐकायलाच विचित्र. आणि ताण थोडाथोडका नाही. भर दुपारी साध्या झाडात १० ते २० वातावरणाइतकी ओढ असते, टायरमधल्या दाबाच्या पाच-दहा पट, फक्त उलट दिशेनं. त्या ओढीनं खोडसुद्धा दुपारी किंचित बारीक होतं आणि रात्री पुन्हा फुगतं, डोळ्यांना दिसत नाही पण खोडाला मोजायचं यंत्र लावलं तर दिसतं.

आता रहाटाची माळ एका जागी तुटली तर काय होतं? सगळे लोटे विहिरीत. झाडाला हीच धास्ती असते. जलवाहिनीत हवेचा एक बुडबुडा शिरला की ती नळी गेली, आपला पंप एअर पकडतो ना, डिट्टो तेच. ताण फार वाढला की नळ्यांमध्ये असे बुडबुडे फुटतात आणि प्रत्येक वेळी बारीकसा टक आवाज होतो, शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात माइक लावून तो ऐकलाय. पण झाडाची नळी मुळापासून शेंड्यापर्यंत सलग एकच नसते, तुकड्या-तुकड्यांनी जोडलेली असते, आणि शेजारच्या नळीत जायला भिंतीत पडदा लावलेल्या बारीक खिडक्या असतात. त्या पडद्यातून पाणी जातं, बुडबुडा अडकतो. पाट एका ठिकाणी फुटला की आपण बाजूनं पाणी वळवतो, तसं पाणी शेजारून वळसा घालून पुढे जातं. फुलदाणीत फुलं ठेवताना दांडा पाण्याखाली धरून पुन्हा कापायला सांगतात तो याच कारणानं, पहिल्यांदा कापला तेव्हा दांड्यानं हवा आत ओढलेली असते, तेवढा तुकडा काढून टाकायचा.

आंब्याचं आणि माडाचं इथे फार वेगळं आहे. आंबा दर वर्षी सालीखाली नवं लाकूड तयार करतो, म्हणजे नव्या नळ्या, जुन्या बाद झाल्या तरी फिकीर नाही. माडाला ती सोयच नाही. माड हा खरं तर गवताच्या बाजूचा, त्याच्या खोडात नळ्यांच्या जुड्या सगळीकडे विखुरलेल्या असतात आणि एकदा खोड तयार झालं की त्यात नव्याची भर पडत नाही. म्हणून माड उंच होतो पण जाड होत नाही, म्हणून पाडेलीनं (नारळ पाडणाऱ्यानं) चढायला घातलेल्या खाचा आजोबांच्या काळातल्या आजही तशाच, भरून येत नाहीत, आणि म्हणूनच आमच्या त्या जुन्या माडाच्या बुंध्यात आज जे पाणी चढतंय ते साठ वर्षांपूर्वी तयार झालेल्या नळ्यांतून. ना फुटव्हॉल्व बदलला ना पाइप. काकांना हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले.

बरं, एवढं कष्टानं वर आणलेलं पाणी झाड करतं काय? शंभरातलं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग सरळ हवेत सोडून देतं. ऐकल्यावर पहिल्यांदा वाटतं काय ही उधळपट्टी, आम्ही इथे एप्रिलात बादल्या मोजतोय. पण त्याला इलाज नाही. झाडाला अन्न करायला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि हवेत तो आहे ०.०४ टक्के, म्हणजे नावाला. तो आत घ्यायचा तर दार उघडायला पाहिजे, आणि दार उघडलं की आतली ओल बाहेर पळणार, दोन्ही एकाच दारातून. कार्बनचा एक रेणू कमवायला बहुतेक झाडांना पाण्याचे चारेकशे रेणू मोजावे लागतात. खारवलेल्या मासळीला मांजर नको म्हणून दार लावायचं तर वारा लागत नाही, आणि वाऱ्यासाठी उघडं ठेवलं तर मांजर येतं, तशातला प्रकार.

म्हणून दारावर पहारा आहे. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी, ओठांसारख्या. त्यांच्यात पोटॅशियम आणि त्याच्यामागून पाणी शिरलं की त्या फुगून बाक घेतात आणि मध्ये फट पडते, पाणी गेलं की सैल पडून मिटतात. माती सुकायला लागली की झाडात ॲब्सिसिक ॲसिड नावाचं रसायन वाढतं, ते या पेशींना सांगतं, मिटा. काही झाडं तर रोज भर दुपारी थोडा वेळ दारं ओढून घेतात, म्हणजे वामकुक्षीच. त्या वेळात वाढ थांबते, पण माळ तुटण्यापेक्षा ते बरं.

बाहेर किती वाफ जाणार हे हवेवरही आहे, आणि हे कोकणात राहणाऱ्याला समजवायला दोरीवरचे कपडे पुरे. जुलैत ऊन नाही, हवा आधीच ओलीचिंब, कपडे तीन दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास मारतात. झाडाचंही तेच, जुलैत माळ अगदी धिम्या गतीनं सरकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी कपडे तासाभरात कडक, तेव्हा झाडही भराभर सुकतं. आपल्याकडे पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो पण पडतो चार महिन्यांत, आणि खाली जांभा, पाणी धरून ठेवायला फारसा तयार नाही, त्यामुळे पुढचे सात-आठ महिने झाडाला जमाखर्च सांभाळतच काढायचे असतात. माडाला उन्हाळ्यात ठिबकनं दिवसाला तीस-चाळीस लिटर द्यावं लागतं ते याच खर्चापोटी, आणि आळ्यात नारळाची सोडणं (वरची सालं) आणि झाप पसरायचे ते मातीतून थेट उडणारं पाणी तरी वाचावं म्हणून.

अननस मात्र यातला खरा चतुर. आमच्या पोफळींच्या खाली दोन-चार आहेत. तो दिवसभर दारं बंद ठेवतो आणि रात्री, हवा गार आणि दमट असताना उघडतो, कार्बन आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि सकाळी आतल्या आत वापरतो. निवडुंग आणि घायपात यांचीही हीच रीत. बाजारात गर्दी नसताना जाऊन सामान भरून ठेवायचं, सोपं गणित.

हापूसवाल्यांना तर पाण्याचा ताण हवाच असतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपासून कलमांना पाणी देत नाहीत, कारण जमिनीत ओल राहिली की झाड पालवी काढत बसतं. ताण बसला आणि वर थंडी पडली की मग मोहोर. अवकाळी पाऊस पडला की बागायतदाराच्या तोंडचं पाणी पळतं ते नुसतं मोहोर गळतो म्हणून नाही, ताण मोडतो आणि झाड पुन्हा पालवीकडे वळतं म्हणूनही.

आणि सगळ्यात कठीण नोकरी खाडीतल्या कांदळवनाची. पाय पाण्यात आणि तरी तहानलेले. समुद्राचं पाणी इतकं खारट की त्यातून गोडं पाणी वेगळं करायला २५ वातावरणाइतकी ओढ लागते, म्हणजे पाणी वर चढवायचं राहिलं बाजूला, नुसतं मुळातून आत घ्यायलाच. हे मोजलं शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञानं, १९६५ साली. तोडलेली डहाळी पोलादी डब्यात ठेवायची, दांडा बाहेर, आणि आत गॅसचा दाब वाढवत जायचं, कापलेल्या टोकावर रस दिसला की थांबायचं, जेवढा दाब लागला तेवढी झाडातली ओढ. खाडीतल्या झाडांत ती ३० वातावरणांच्या वर निघाली. याच कामात अमेरिकेतल्या उंच उंच झाडांच्या शेंड्याची डहाळी हवी होती तर त्यांनी चढायच्या भानगडीत न पडता रायफलनं गोळी घालून ती पाडली. मला हा माणूस फार आवडला. आपल्या खाडीतला कांदळ मुळाशीच बहुतेक सगळं मीठ गाळून टाकतो, तिवर मात्र थोडं आत येऊ देतो आणि मग पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर फेकतो. खोटं वाटत असेल तर ओहोटीला जाऊन तिवराचं पान चाटून बघा, वर मिठाचे कण चमकतात आणि चव जेवणात वाढतो त्या मिठाची.

एक शंका काकांनी शेवटी काढली आणि ती बिनतोड होती. झाडात सगळी ओढच आहे, कापलं की हवा आत जाते, तर मग माडाची पोय (फुलोरा) कापल्यावर माडी बाहेर कशी ठिबकते?

कारण ती वेगळी लाइन आहे. पाणी चढतं जलवाहिनीतून, तिच्यात ओढ. पानात तयार झालेली साखर जाते रसवाहिनीतून, आणि तिच्यात दाब. पानाच्या बाजूला साखर आत भरली जाते, साखरेमागे पाणी येतं, नळी फुगते आणि रस जिथे साखर खर्च होतेय तिकडे ढकलला जातो, मुळाकडे, फळाकडे, पोयीकडे. जर्मन शास्त्रज्ञ म्युंख यानं १९३०च्या सुमारास हे मांडलं. म्हणून माडी काढणारा रोज पोयीच्या टोकाची पातळ चकती काढतो, नाहीतर नळ्यांची तोंडं बुजतात, आणि मडक्यात जो रस पडतो त्यात शंभरात बारा-पंधरा भाग साखर असते, ताजा असताना. आंब्यावरचे तुडतुडे याच लाइनीला सोंड लावतात. त्यांना एवढं साखरपाणी पचत नाही, जास्तीचं मागून टाकतात, आणि मोहोर आणि पानं चिकट होतात, मग त्यावर काळी बुरशी.

शहाळ्यातलं पाणीही मुख्यतः याच दुसऱ्या लाइनीचं देणं. मुळांनी विहिरीचं पाणी ओढलं आणि वर नेऊन करवंटीत भरून ठेवलं असं नसतं ते, बीच्या आतलं पातळ अन्न असतं, पुढे त्याचंच खोबरं धरायला लागतं. पंप परवा विहिरीत दहा फूट खाली फळीवर बसवून घेतला, पाणी चालू झालं, काकांनी खुशीत दोन शहाळी पाडून घेतली आणि मी एक हातात धरून त्यांना हे सगळं सांगत होतो. त्यांनी निम्म्यातच तोडलं. "गोड आसा मा? मगे पी गप."